मागच्या चाकांची रुंदी
(एका निवृत्त शिक्षकाचें नभोवाणीवरील भाषण)

आजच्या माझ्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींना हंसूं येईल. ज्या माणसाचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, ज्यानें भिवंडी तालुक्यांतल्या मुलांना ३६ वर्षें गणित व शास्त्र शिकवलें आणि ज्याचें वय आतां पासष्टीच्या पुढें गेलें आहे, त्यानें खेळण्यांतल्या मोटारीच्या मागच्या दोन चाकांमध्यें किती अंतर असावें ह्यावर बोलावें, हें प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटण्यासारखें आहे खरें. परंतु ह्या खेळण्यानें मला माझ्याच एका जुन्या धड्याचा अर्थ पुनः शिकवला, आणि तो धडा केवळ खेळण्यापुरता नाहीं. म्हणून आपला थोडा वेळ घेण्याचें धाडस करीत आहें.

मी वडप्याचा रहिवासी. मुंबई-नाशिक महामार्गावरून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकानें आमचें गांव पाहिलेलें असतें. मात्र तेथें उतरण्याचें कारण फारच थोड्यांना पडतें. ठाण्याच्या माजिवड्याकडून येणारा रस्ता आमच्यापाशीं पोंचतो. समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणें हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला, तें आमणेंहि आमच्याच तालुक्यांतलें. एका बाजूस भाताचीं खाचरें, दुसऱ्या बाजूस मालाचीं गुदामें, आणि मधून अहोरात्र फिरणारीं चाकें, अशी आमची स्थिति आहे. आमच्याकडचें मूल अक्षरें ओळखण्यापूर्वीं ट्रेलर आणि टेंपो ह्यांतला फरक ओळखतें.

अशा गांवांत वाढलेला माझा नातू यंदा आठवींत आहे. सणावारीं हातावर पडलेले पैसे दोन वर्षें सांठवून त्यानें ठाण्याच्या एका मुलाकडून बिनतारी लहरींनीं चालणारी एक जुनी गाडी विकत घेतली. अशा गाडीला 'बग्गी' म्हणतात. घोड्याच्या बग्गीशीं तिचें नातें नांवापुरतेंच. खऱ्या गाडीच्या एकदशांश मापाची, चार उघड्या चाकांची, टायरांना रबराचे खुंट असलेली आणि खांचखळग्यांतून धांवण्यासाठींच बनवलेली अशी ही गाडी. मुलाच्या हातांत एक प्रेषक यंत्र असतें. त्याची कळ दाबली कीं गाडींतील ग्राहक यंत्र ती आज्ञा ऐकतें, विजेची मोटर मागचीं चाकें फिरवते आणि दुसरी एक छोटी मोटर पुढचीं चाकें वळवते. ह्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदास २४० कोटी आंदोलनांच्या असतात. माझा आवाज आपल्या घरीं आणणाऱ्या लहरींच्याच कुळांतल्या त्या, एवढें म्हटलें म्हणजे पुरे.

ही विद्या आजकालची नव्हे. निकोला टेस्ला ह्या शास्त्रज्ञानें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें एक लहानशी नौका तारेवांचून दुरून चालवून दाखवली होती. पुढें जपानांतील तामिया कंपनीनें १९७९ मध्यें 'रफ रायडर' नांवाची मातींत धांवणारी बग्गी विकावयास काढली. १९८४ मध्यें अमेरिकेंतून 'आरसी-टेन' ही खास शर्यतीची बग्गी आली आणि १९८५ मध्यें अशा एकदशांश बग्ग्यांची पहिली जागतिक शर्यत कॅलिफोर्नियांत भरली. आमच्या घरीं आलेली गाडी ही त्याच घराण्यांतली एक गरीब नातेवाईक.

भाताची झोडणी आटोपल्यावर आमच्या परसांतलें खळें रिकामें झालें. शेणानें सारवलेलें, उन्हानें टणक झालेलें तें खळें नातवानें शर्यतीचें मैदान ठरवलें. विटांचे तुकडे मांडून त्यानें वळणें आंखलीं. एक वळण चिंचेच्या बुंध्यापाशीं, अगदीं आंखूड. दुसरें खळ्याच्या कांठानें, लांब आणि वेगाचें. ह्या दुसऱ्या वळणाच्या बाहेरच्या अंगास खळ्याला एक भेग पडलेली होती. गाडी वेगानें वळतांना तिचें बाहेरचें मागचें चाक त्या भेगेच्या कडेला अडखळे आणि गाडी कोलांटी घेऊन पाठीवर पडे. वीस फेऱ्यांत पांच-पांच वेळां हा प्रकार होई. पोर धांवत जाऊन ती उलथी करी, पुनः चालवी, पुनः ती पडे. त्याच्या बापानें, म्हणजे माझ्या मुलानें, एके संध्याकाळीं वैतागून म्हटलें, “पैसे वाया घालवलेस. ती मोडून तरी टाक, नाहीं तर ज्याची आहे त्याला परत देऊन ये.” पोरगा कांहीं बोलला नाहीं, पण त्या रात्रीं तो जेवलाहि नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो मजकडे आला आणि म्हणाला, “आजोबा, मागच्या चाकांमधली रुंदी वाढवायला हवी. रुंद गाडी उलटत नाहीं ना?”

मला मोठा आनंद झाला. ज्याचा पाया रुंद तें स्थिर, हें वाक्य मीं फळ्यावर किती वेळां लिहिलें असेल त्याची गणना नाहीं. मीं त्याला शाबासकी दिली आणि आम्हीं दोघे गाडी उलटी करून तिची मागची बाजू पाहूं लागलों.

ती रचना आपणांस थोडक्यांत सांगतों. गाडीच्या मागच्या अंगास मधोमध दंतचक्रांची पेटी असते. तिच्या दोन्ही बाजूंस खालीं एकेक रुंद दांडा बिजागरीनें जोडलेला असतो. त्यास ह्या खेळांतले लोक 'आर्म' म्हणतात. आर्मच्या बाहेरच्या टोकास चाकाचा आंस धरणारें घर असतें, आणि त्या घरास वरून आवरणारी एक बारीक सळई असते. सळईच्या एका टोकास उजवे व दुसऱ्या टोकास डावे आटे पाडलेले असल्यामुळें ती जागच्याजागीं फिरवली कीं लांब अथवा आंखूड होते, आणि चाक जमिनीवर किती तिरपें उभें राहावें तें तिच्यामुळें ठरतें. आर्म आणि वरची चौकट ह्यांच्यामध्यें स्प्रिंग व तेल भरलेली नळी असते. ती धक्के सोसते. पेटींतून चाकापर्यंत शक्ति नेणारा दांडा दोन्ही टोकांस हाडासारखा फुगीर असून तो आपल्या खोबणींत सैल बसवलेला असतो, म्हणून चाक वरखालीं झालें तरी फिरणें थांबत नाहीं.

आतां रुंदी वाढवावयाचे मार्ग तीन. पहिला सर्वांत सोपा. चाकाच्या आंतल्या बाजूस आंसावर १२ मिलिमीटरांचा एक षट्कोनी ठोकळा असतो. तो अधिक जाड घालावा, किंवा त्याच्या मागें वायसर घालावेत, म्हणजे चाक तितकें बाहेर सरकतें. दुसरा मार्ग बिजागरीचा. कांहीं शर्यतीच्या गाड्यांत बिजागरीची पिन ज्या पट्टींत बसते तींत केंद्र सोडून भोंक पाडलेले लहान ठोकळे असतात. ते बदलले कीं पिन आंत अथवा बाहेर सरकते आणि तिच्याबरोबर सबंध आर्म सरकतो. तिसरा मार्ग म्हणजे आर्मच लांब घालणें, तो खर्चाचा. आमच्या गाडीला बदलते ठोकळे नव्हते आणि आमच्याजवळ पैसे नव्हते. तेव्हां वायसरांचाच मार्ग उरला.

वायसर आणावयास आम्हीं नाक्यावरच्या एका दुरुस्तीच्या दुकानांत गेलों. त्या दुकानाचा मालक माझा जुना विद्यार्थी. तो लंगडत चालतो. त्याचें कारण सांगितल्याशिवाय माझें आजचें सांगणें पुरें होणार नाहीं.

सुमारें वीस वर्षांपूर्वीं तो टेंपो चालवीत असे. भिवंडी हें यंत्रमागांचें शहर. तेथून कापडाच्या गांठी गुदामांकडे नेण्याचें काम त्याला मिळे. एके दिवशीं टेंपोवर गांठी इतक्या उंच रचल्या होत्या कीं दोर आवळण्यास दुसऱ्या गाडीच्या टपावर उभें राहावें लागलें. महामार्ग सोडून गुदामाच्या रस्त्यास वळतांना टेंपो आडवा झाला. दैवानें प्राण वाचले, पण मांडीचें हाड मोडलें आणि तें नीट जुळलें नाहीं. मीं त्याला भेटावयास रुग्णालयांत गेलों होतों. त्याच्या उशाशीं बसलों असतां माझ्या मनांत एकच गोष्ट घोळत होती. सातवीच्या परीक्षेंत मीं प्रश्न घातला होता: 'गाडीवर उंच ओझें रचलें असतां ती वळणावर कां उलटते? कारण द्या.' ह्याच मुलानें सुंदर अक्षरांत लिहिलें होतें कीं गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो म्हणून. मीं त्याला दोहोंपैकीं दोन गुण दिले होते. ते दोन गुण त्या दिवशीं मला टोंचत होते. परंतु ही गोष्ट मीं त्याच्यापाशीं कधीं काढली नाहीं.

तर अशा ह्या विद्यार्थ्याच्या दुकानांत आम्हीं गेलों. मीं त्याला वायसरांचें माप सांगितलें आणि रुंद पाया व स्थिरता ह्यांवर दोन वाक्येंहि बोललों. त्यानें डबींतून वायसर काढले, पण दिले नाहींत. त्यानें गाडी हातांत घेतली, दोन बोटांवर तोलून पाहिली आणि एका अंगावर हळूहळू कलती केली. मग तो म्हणाला, “गुरुजी, रुंदी किती हवी तें मागाहून बघूं. हें वर काय बांधलंय?”

वर बॅटरी बांधलेली होती. गाडी अधिक वेळ चालावी म्हणून नातवानें मूळच्या बॅटरीहून मोठी बॅटरी मिळवली होती. ती खालच्या खणांत मावेना म्हणून त्यानें ती चौकटीच्या वर चिकटपट्टीनें बांधली होती. ती बॅटरी मीं रोज पाहत होतों. त्या टेंपोवरच्या गांठी आणि ही बॅटरी ह्यांत मापाखेरीज कांहींहि फरक नव्हता, आणि तरी तें माझ्या ध्यानांत आलें नव्हतें. मी फळ्यावरचें अर्धें वाक्य घेऊन वायसर शोधत फिरत होतों.

मीं खालीं मान घातली. परीक्षेंतल्या त्या उत्तराची आठवण मीं त्याला तेव्हां प्रथमच सांगितली. तो हंसला आणि म्हणाला, “उत्तर मला येत होतंच, गुरुजी. पण गांठी चढवतांना तें कुणी विचारलं नाहीं. विचारलं तें एवढंच, आणखी किती मावतील?”

श्रोतेहो, त्यानें हें रागानें म्हटलें नाहीं. पण परत येतांना सबंध वाट मी ह्याच वाक्याचा विचार करीत होतों. ३६ वर्षांत मीं गुरुत्वमध्याची व्याख्या शेंकडों मुलांकडून पाठ करून घेतली. एकाहि मुलाच्या हातांत एक भरलेला डबा देऊन, 'हा कलता कर आणि कोठें पडतो तें पाहा', असें म्हटल्याचें मला आठवेना.

त्या दिवशीं दुपारीं तें राहिलेलें काम मीं घरीं केलें. गाडीच्या स्प्रिंगा लोंबकळूं नयेत म्हणून आर्म दोऱ्यानें आवळले. मग गाडी एका बिंदूपाशीं दोऱ्यानें टांगली, त्याच बिंदूवरून ओळंबा सोडला आणि त्याची रेघ गाडीस जोडलेल्या पुठ्ठ्यावर काढली. मग दुसऱ्या बिंदूपाशीं टांगून दुसरी रेघ काढली. दोन रेघा जेथें एकमेकींस छेदतात त्या उंचीवर गुरुत्वमध्य. बॅटरी वर असतांना ही उंची जमिनीपासून ६० मिलिमीटर भरली. मग नातवानें खालचा खण थोडा तासून बॅटरी आडवी आंत बसवली आणि तोच प्रयोग पुनः केला. आतां उंची ५० मिलिमीटर आली. मागच्या दोन चाकांच्या मध्यांमधलें अंतर २०० मिलिमीटर होतें.

आतां हिशेब पाहा. तो आठवींतल्या मुलालाहि करतां येतो. गाडी उलटण्यास किती अवघड आहे हें, चाकांमधल्या निम्म्या अंतरास गुरुत्वमध्याच्या उंचीनें भागलें असतां समजतें. पूर्वीं १०० भागिलें ६०, म्हणजे सुमारें १.६७. बॅटरी उतरवल्यावर १०० भागिलें ५०, म्हणजे २. हाच आंकडा बॅटरी वर ठेवून केवळ रुंदीनें गांठावयाचा, तर निम्में अंतर १२० मिलिमीटर, म्हणजे चाकांमधलें अंतर २४० मिलिमीटर करावें लागलें असतें. १० मिलिमीटर उंची उतरवण्याचें काम करण्यास ४० मिलिमीटर रुंदी लागते! शर्यतींत ह्या मापाच्या बग्गीची टायरांसह एकूण रुंदी २५० मिलिमीटरांहून अधिक चालत नाहीं. आमची गाडी टायरांसह २४१ मिलिमीटर होती. अवघे ९ मिलिमीटर शिल्लक. उंचीचा दोष रुंदीनें झांकावयास जावें, तर गाडी नियमाबाहेर जाते आणि दोष आंत राहतो तो राहतोच.

ह्याचा अर्थ रुंदी निरुपयोगी आहे असा मात्र नाहीं. बॅटरी खालीं बसवून आणि दुसरें कांहींहि न बदलतां आम्हीं वीस फेऱ्या घेतल्या. गाडी एकदांच उलटली. मग दोन्ही बाजूंस एकेक मिलिमीटर जाडीचा वायसर घातला. ध्यानांत ठेवावें कीं एका बाजूस एक मिलिमीटर म्हणजे एकूण रुंदी दोन मिलिमीटर वाढते, आणि दोन्ही बाजूंस अगदीं सारखेंच माप घालावें लागतें. नाहीं तर गाडी सरळ रेषेंतहि एका अंगास ओढते. ह्या वेळीं वीस फेऱ्यांत गाडी एकदांहि उलटली नाहीं. नातवास वाटलें, आणखी घालावे. मीं अडवलें नाहीं; वहींत लिहावयास मात्र सांगितलें. चार मिलिमीटर, मग सहा मिलिमीटर. सहा मिलिमीटरांवर गाडी उलटणें दूरच, डुलेनासुद्धां. परंतु चिंचेपाशीं त्या आंखूड वळणांत ती वळेना. मागचें अंग जड पाटासारखें सरळ जाऊं पाहे, नाक वळणाच्या बाहेर जाई आणि विटेवर आपटे. घड्याळ लावून पाहिलें तेव्हां दहा फेऱ्यांना दोन मिलिमीटरांच्या मानानें सहा सेकंद अधिक लागले.

येथें मला आमच्या बैलगाडीची आठवण झाली. 'चाकोरी' हा शब्द आपण आतां केवळ अलंकारानें वापरतों. पण माझ्या लहानपणीं चाकोरी ही खरीखुरी वस्तु होती. कच्च्या वाटेवर वर्षानुवर्षें गाड्या जाऊन चाकांच्या दोन घळी पडत. गांवांतल्या सर्व गाड्यांचीं चाकें एकाच अंतरावर असत, कारण ज्याची गाडी रुंद त्याचें एक चाक घळींत आणि दुसरें उंचवट्यावर चाले, आणि बैलांच्या मानेला त्याचा त्रास होई. बग्गीचेंहि तसेंच. पुढचीं चाकें ज्या वाटेनें माती दाबून जातात त्या वाटेवरून मागचीं चाकें आलीं तर त्यांना घट्ट जमीन मिळते. मागची रुंदी पुढच्याहून फार वाढवली तर मागचीं चाकें सैल मातींतून जातात. म्हणून रुंदी ही एकट्या मागच्या चाकांची बाब नव्हे. ती पुढच्या चाकांशीं, जमिनीशीं आणि वळणाशीं ताडून पाहावी लागते.

पुढें आम्हीं गाडी खळ्यावरून शेजारच्या खाचरांत नेली. तेथें माती भुसभुशीत. तेथें गाडी उलटण्यापूर्वींच घसरते. उलटण्यासाठीं चाकाला जमीन धरून ठेवावी लागते, आणि ही माती धरीतच नाहीं. अशा ठिकाणीं वाढीव रुंदीला कामच उरलें नाहीं. आम्हीं वायसर काढून टाकले, तेव्हां गाडी चपळाईनें वळूं लागली. एकच गाडी, एकच मुलगा, आणि पन्नास पावलांच्या अंतरांत योग्य मापें दोन! हे आंकडे आमच्या खळ्यापुरते आणि आमच्या खाचरापुरते खरे आहेत. दुसऱ्याच्या मैदानावर त्याला स्वतःचे आंकडे स्वतःच शोधावे लागतील.

ज्या मुलांच्या घरीं अशी गाडी असेल त्यांच्यासाठीं चार सूचना सांगतों. पहिली, वायसर घातल्यावर चाकाचा नट आंसाच्या आट्यांवर पुरता बसतो कीं नाहीं तें पाहावें. नटाच्या तोंडापाशीं आंसाचें टोंक दिसेनासें झालें, तर चाक धांवतां धांवतां निसटेल. अशा वेळीं जाड ठोकळा व लांब आंस घ्यावा, वायसरांची चवड रचूं नये. दुसरी, बिजागरी बाहेर सरकवली असेल तर शक्ति नेणारा दांडा खोबणींत पुरेसा शिरतो कीं नाहीं तें, चाक पूर्ण खालीं सोडून आणि पूर्ण वर दाबून, दोन्ही वेळां तपासावें. तिसरी, चाक बाहेर गेलें म्हणजे त्याची तरफ लांबते. त्यामुळें तीच स्प्रिंग थोडी मऊ झाल्यासारखी वागते आणि गाडी किंचित् खालीं बसते. म्हणून रुंदी बदलल्यावर गाडीची जमिनीपासूनची उंची आणि चाकाचा तिरपेपणा पुनः मोजावा. चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि ती लिहून ठेवावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर श्रेय कोणाला द्यावयाचें हें कोणीच सांगूं शकत नाहीं.

आमच्या वहींत आतां एकोणीस पानें भरलीं आहेत. पहिल्या पानावर नातवानें दोन प्रश्न लिहिले आहेत. 'वर काय बांधलें आहे?' हा पहिला, आणि 'रुंदी किती हवी?' हा दुसरा. हा क्रम त्यानें दुकानांत ऐकला, माझ्याकडून नव्हे. त्याचा बापहि एके दिवशीं खळ्यावर येऊन उभा राहिला. त्यानें गाडी हातांत घेतली, कलती करून पाहिली आणि कांहीं न बोलतां परत दिली. त्यानंतर गाडी मोडण्याची भाषा घरांत झाली नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगून संपवतों. मध्यंतरीं माझ्या एका जुन्या सहकाऱ्यानें मला त्याच्या शाळेंत बोलावलें होतें. सातवीचा वर्ग होता. मीं बग्गी बरोबर नेली होती. आधीं बॅटरी वर बांधली, मग खालीं बसवली, आणि प्रत्येक मुलाला व मुलीला दोन्ही वेळां ती स्वतःच्या हातानें एका पाटावर ठेवून पाट कलता करावयास सांगितला. कोणत्या कोनास ती पडते तें त्यांनीं स्वतः मोजलें. तास संपला तेव्हां कोणाचीहि व्याख्या पाठ झाली नव्हती. परंतु जातांना एका मुलीनें मला विचारलें, “गुरुजी, आमच्या बाबांच्या टेंपोवर माल किती उंच भरतात तें मी घरीं जाऊन मोजूं का?”

मीं तिला म्हटलें, “मोज बाळ. आणि जें भरेल तें बाबांना सांग.”

त्या विद्यार्थ्याच्या दोन गुणांचें ऋण मजवर होतें. तें फिटलें असें मी म्हणणार नाहीं. त्याचा पाय कांहीं पुनः सरळ व्हावयाचा नाहीं. पण आपल्या घरांतून, दुकानांतून, गुदामांतून जेव्हां कोणी 'आणखी किती मावेल' असें विचारील, तेव्हां 'वर किती चढलें आहे' हाहि प्रश्न विचारणारें कोणी तरी जवळ असावें, एवढीच माझी इच्छा आहे. तें कोणी आठवींतलें पोर असलें तरी चालेल.